दाढीचा डिंक, पॅच टेस्ट आणि पांढरी जेली: चुरचुरणाऱ्या चेहऱ्याला शेवटी काय लागू पडलं

आधी निकाल सांगतो. चेहरा बारा महिने कोरडा पडत असेल, खवले सुटत असतील, नुसतं पाणी मारलं तरी चुरचुरत असेल, तर पुढची क्रीम विकत घेण्याआधी पॅच टेस्ट, म्हणजे संशयित वस्तू पाठीवर लावून ॲलर्जी शोधायची चाचणी, करून घ्या. मला तीन गोष्टींनी आराम पडला. पहिली ही टेस्ट, दुसरी बिनवासाची सेरामाइडची (कातडीत मुळातच असणाऱ्या स्निग्ध पदार्थाची) क्रीम आणि तिसरी कुठल्याही केमिस्टकडे मिळणारी साधी पांढरी पेट्रोलियम जेली. क्रीम आणि जेली दोन्ही चांगल्या आहेत, त्यांच्याबद्दल खाली सविस्तर लिहितो. पण टेस्ट झाली नसती तर त्या दोन्ही फुकट गेल्या असत्या, कारण ज्या वस्तूने चेहरा पेटत होता ती दर आठवड्याला तशीच लागत राहिली असती.

मी दिवसा फोर्टमध्ये बँकेत असतो आणि शनिवार-रविवार नाटक करतो. सध्याच्या नाटकात पहिल्या अंकात मी तिशीतला, गुळगुळीत दाढी केलेला मास्तर आहे आणि मध्यंतरानंतर तोच मास्तर पासष्टीचा, पिकल्या दाढीचा होऊन येतो. त्यामुळे स्वतःची दाढी वाढवणं शक्य नाही. मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत आमचे रंगभूषाकार काका स्पिरिट गम या डिंकाचा ब्रश फिरवून मिश्या आणि दाढी चिकटवतात, वरून सुरकुत्या काढतात, पावडर मारतात आणि तिसऱ्या घंटेला मी विंगेत उभा असतो. दादरचं शिवाजी मंदिर, पार्ल्याचं दीनानाथ, मुलुंडचं कालिदास, बोरिवलीचं प्रबोधनकार, कधी ठाण्याचं गडकरी. सीझनमध्ये शनिवारी दुपारी एक आणि रात्री एक असेही प्रयोग लागतात. तेव्हा एकाच दिवशी ती दाढी दोनदा चढते आणि दोनदा उतरते.

त्रास ओठाच्या वर सुरू झाला. आधी खाज, मग लाली, मग कोंड्यासारखा पापुद्रा. हळूहळू हनुवटी आणि जबड्याची कड धरली. नंतर गालही कोरडे पडू लागले, हसताना कातडी ताणल्यासारखी वाटायची, डोळ्यांखाली बारीक रेघा दिसायला लागल्या. नाकाच्या बाजूला चिरा पडल्या की साधा पॅनकेक मेकअपचा ओला स्पंज लागला तरी डोळ्यांत पाणी यायचं. बँकेत समोरचा माणूस खात्याबद्दल विचारता विचारता माझ्या हनुवटीकडे बघत राहायचा. ज्याचं कामच चेहऱ्यावर चालतं त्याला हे किती जड जातं ते आमच्या धंद्यातल्या लोकांना सांगायला नको.

यातली एक गोष्ट मला सुरुवातीपासून खटकत होती. चेहरा सर्वांत वाईट मंगळवारी दिसायचा. रविवारी रात्री दाढी काढली की थोडी आग व्हायची, सोमवारी बरं वाटायचं, आणि मंगळवारी सकाळी आरशात लालभडक कड. गुरुवार-शुक्रवारपर्यंत कमी व्हायचं, तोवर शनिवार आलेला असायचा. मंगळवारी मी काही वेगळं खातही नव्हतो आणि लावतही नव्हतो. ही मंगळवारची गोष्ट पुढे डॉक्टरांना सर्वांत महत्त्वाची वाटली.

तोपर्यंत ज्याने त्याने हवेला दोष दिला. मुंबईची हवा इतकी दमट, मग कोरडेपणा कसा, हा प्रश्न मलाही पडायचा. त्याचं उत्तर असं की मुंबईत नोकरी करणारा माणूस मुंबईच्या हवेत फार थोडा वेळ असतो. एसी खोलीतली हवा गार करताना तिच्यातला ओलावाही काढून घेतो आणि ते पाणी बाहेर पाइपातून ठिबकत राहतं. बँकेत दिवसभर एसी, प्रयोगाला एसी, आता एसी लोकलही. घाम येतो तो मधल्या फलाटावर, आणि सुकलेला घाम चिरा पडलेल्या कातडीला आणखी झोंबतो. पाण्याचंही तसंच. महापालिकेचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा या तलावांचं, म्हणजे पावसाचंच, त्यामुळे ते मऊ असतं. पण आमच्या कांजूरमार्गच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतात आणि बोअरवेलचं पाणी मिसळतं. असल्या जड पाण्यात कॅल्शियम जास्त असतं, साबणाला फेस येत नाही आणि साबणाचा चिकट थर कातडीवर राहून जातो. बादलीच्या कडेला पांढरा पट्टा धरत असेल तर समजा तुमच्याकडेही तेच पाणी आहे. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, माझा त्रास त्यांनी वाढवलाही असेल, पण मंगळवारचं कोडं त्यांनी सुटत नव्हतं.

घरगुती उपाय सुचवणाऱ्यांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण मुलतानी माती तेल शोषते, म्हणजे कोरड्या चेहऱ्याला नेमकी उलटी. लिंबू इतकं आंबट की चिरेवर लावणं म्हणजे छळ. कोरफडीचा गर क्षणभर गार वाटतो आणि वाळला की पुन्हा तसंच. एवढं पुरे.

मेडिकलवाल्याबद्दल मात्र थांबून लिहायला हवं. स्टेशनजवळच्या एका दुकानात मी नुसतं 'चेहऱ्याला खाज येते' म्हटलं आणि त्याने काउंटरवरूनच एक ट्यूब पुढे केली. तिच्यात तीव्र स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध असं तिन्ही एकत्र होतं. ती मी घेतली नाही, कारण आमच्या नाटकातल्या एका ताईने हे भोगलेलं मी पाहिलं होतं. असली ट्यूब लावली की दोन दिवसांत चेहरा स्वच्छ होतो. म्हणून माणूस लावत राहतो, कातडी पातळ होत जाते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, आणि बंद केली की चेहरा आधीपेक्षा जास्त पेटतो. आपल्याकडे हा प्रकार इतका आढळतो की भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी त्याला स्वतंत्र नावच दिलंय: टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरीही ती पुढे केली जातात. गोरेपणाच्या नावाखाली मिळणाऱ्या काही क्रीममध्येही हेच सापडतं. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काही छापलेलं असेल आणि डॉक्टरांनी ती तुमच्या चेहऱ्यासाठी लिहून दिलेली नसेल, तर कृपा करून ती परत करा.

मग मी महापालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या त्वचाविकार ओपीडीत गेलो. केईएम, नायर, सायन आणि सरकारी जे. जे. या चारही ठिकाणी त्वचाविकार विभाग आहेत, ही माहिती अनेकांना नसते. आपण थेट महागड्या क्लिनिककडे तरी वळतो नाहीतर मेडिकलवाल्याकडे. केसपेपरची रांग सकाळी लवकर लावावी लागते, गर्दी असते, बसायला जागा मिळेलच असं नाही. पण आत गेल्यावर डॉक्टर मॅडमनी जे प्रश्न विचारले ते त्याआधी मला कुणीच विचारले नव्हते. काम काय करता? चेहऱ्याला काय काय लागतं? कोणत्या वारी? काढता कशाने? शिकाऊ डॉक्टरांना जवळ बोलावून त्यांनी माझ्या चेहऱ्यावर पेनाच्या टोकाने हवेतच रेघ काढून दाखवली: बघा, पुरळ जिथे दाढी चिकटते तिथेच आहे, कड अगदी सरळ. आणि मंगळवार ऐकल्यावर त्या म्हणाल्या, ''म्हणजे चोवीस ते बहात्तर तासांनी. ही ॲलर्जी असू शकते. टेस्ट करू या.''

कातडीवरची संपर्काची ॲलर्जी शिंकेसारखी लगेच येत नाही, हे मला तेव्हा कळलं. तिच्यात टी पेशींचं, म्हणजे शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशींचं, काम असतं. त्या वस्तू ओळखतात, गोळा होतात आणि मग सूज येते. यात एक ते तीन दिवस जातात. म्हणून माणसाला कारण कधीच सापडत नाही. तो मंगळवारी सोमवारचा हिशेब मांडत बसतो आणि कारण रविवारच्या रात्रीत असतं.

आता टेस्टबद्दल, कारण हा रिव्ह्यू मुख्यतः तिच्यासाठी लिहितोय. कल्पना जुनी आहे, योझेफ याडासोन या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने ती 1895 मध्ये मांडली. संशय ज्या ज्या वस्तूंवर, त्या थोड्या थोड्या प्रमाणात पाठीवर लावून ठेवायच्या आणि कुठे पुरळ येतं ते बघायचं. आपल्याकडे इंडियन स्टँडर्ड सीरिज नावाचा वीसएक वस्तूंचा ठरलेला संच वापरतात. भारतातल्या माणसांना ज्यांची ॲलर्जी जास्त आढळते त्याच वस्तू त्यात आहेत: निकेल, म्हणजे खोटे दागिने आणि पँटचं बटण, क्रोमेट, म्हणजे सिमेंट आणि कमावलेलं चामडं, केसांच्या काळ्या रंगातलं पीपीडी, सुगंधांचं मिश्रण, गाजर गवत, जखमेच्या मलमातलं निओमायसिन, आणि टिकलीच्या गोंदात असणाऱ्या पीटीबीपीचं रेझिन. हे शेवटचं ऐकल्यावर मला आमच्या घरातल्या कितीतरी बायकांची कपाळं आठवली. टिकलीच्या जागी खाज येऊन पुढे पांढरा डाग पडतो, त्याला हा गोंद कारण असू शकतो.

ॲल्युमिनियमच्या चिमुकल्या वाट्यांत एकेक वस्तू भरतात, त्या वाट्या चिकटपट्टीने पाठीवर लावतात, शेजारी पेनाने आकडे घालतात. सोमवारी लावलं तर बुधवारी काढतात, तेव्हा पहिलं वाचन. मग गुरुवारी किंवा शुक्रवारी दुसरं, आणि हे दुसरं चुकवायचं नाही, कारण काही प्रतिक्रिया उशिरा उठतात. मधल्या दिवसांत पाठ ओली करायची नाही, घाम येईल असं काही करायचं नाही. मुंबईत हेच सर्वांत कठीण. म्हणून माझा आग्रह असा की शक्य असेल तर डिसेंबर-जानेवारी निवडा. मे महिन्यात गर्दीच्या लोकलमध्ये उभं राहून त्या पट्ट्या टिकवणं अवघड आहे. मी बँकेत रजा टाकली, अंघोळीऐवजी अंग पुसलं, सैल कॉटनचे शर्ट घातले आणि पोटावर झोपलो. पाठीवर खाज सुटते आणि तिथे हात न्यायचा नसतो, याची तयारी ठेवा. पाठीला स्टिरॉइड मलम लावलेलं असेल किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर निकाल चुकू शकतो, तेव्हा ते आधी सांगायचं.

पट्ट्या काढल्यावर एका चौकोनात लाल, फुगीर, बारीक फोडांचा ठसा होता. कोलोफनी, दोन अधिक (जितके अधिक, तितकी प्रतिक्रिया तीव्र). सुगंधांच्या मिश्रणावर एक अधिक. बाकी पाठ कोरी.

कोलोफनी म्हणजे पाइनच्या चिकापासून मिळणारी राळ, रोझिनही म्हणतात. स्पिरिट गम म्हणजे हीच राळ अल्कोहोलमध्ये विरघळवलेली. अल्कोहोल उडून जातं आणि राळ चिकटून राहते, म्हणून दाढी टिकते. म्हणजे दर शनिवार-रविवार माझ्या ओठावर, हनुवटीवर आणि जबड्यावर मला न चालणारी नेमकी तीच वस्तू ब्रशने फासली जात होती. हीच राळ काही चिकटपट्ट्यांत असते, केस काढायच्या वॅक्समध्ये असते, व्हायोलिनच्या गजाला लावतात आणि सोल्डरिंगच्या फ्लक्समध्येही असते. आमचा साउंड बघणारा मुलगा केबल जोडताना जवळ वाकतो आणि त्याच्या पापण्या सुजतात. त्यालाही मी तिथेच पाठवलंय.

मॅडमनी पुढे जे समजावलं ते प्रत्येक कोरड्या चेहऱ्याच्या माणसाने ऐकण्यासारखं आहे. माझ्या चेहऱ्यावर दोन आजार एकावर एक बसले होते. ॲलर्जी फक्त दाढीच्या जागी. पण गालांचा कोरडेपणा ॲलर्जीचा नव्हता. तो दाढी आणि पॅनकेक काढताना सर्जिकल स्पिरिटने घासण्याचा आणि नंतर साबणाचा. कातडीचा वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो: मेलेल्या पेशी या विटा आणि मधला चुना स्निग्ध पदार्थांचा. त्या चुन्यात साधारण निम्मा वाटा सेरामाइडचा, मग कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड. स्पिरिट आणि साबण हा चुनाच धुऊन नेतात. मग आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचं सगळं आत शिरतं. निरोगी चेहऱ्याचा पीएच पाचच्या आसपास, थोडा आम्ल. अंगाच्या साबणाचा नऊ-दहा. हे नुकसान ॲलर्जी नसलेल्यालाही होतं, फक्त पुरेसं घासायला हवं.

औषध थोडं दिलं. सुजलेल्या जागेसाठी टॅक्रोलिमसचं मलम, मोजक्या काळापुरतं. हे स्टिरॉइड नाही, त्यामुळे कातडी पातळ होत नाही. जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या एका जिवाणूत हे औषध 1984 मध्ये सापडलं. सुरुवातीला लावल्यावर चांगलीच आग होते. ते आधी सांगून ठेवलं होतं म्हणून मी सोडलं नाही. हे मलम डॉक्टरांशिवाय घ्यायचं नाही, त्यामुळे त्याचा रिव्ह्यू करत नाही.

आता जे तुम्ही स्वतः विकत घेऊ शकता त्याबद्दल.

चेहरा धुण्यासाठी मी सेटाफिलचं जुनं साधं क्लीन्झर वापरतो. 1947 मध्ये टेक्सासमध्ये एका फार्मासिस्टने हे बनवलं, आणि अजूनही ते औषधासारखंच साधं आहे. फेस जवळजवळ येत नाही, त्यामुळे पहिल्यांदा वापरताना चेहरा धुतला असं वाटतच नाही. ते वाटणं सोडून द्यायला थोडा वेळ लागतो. धुतल्यावर ओढल्यासारखं होत नाही, हा त्याचा खरा गुण. टँकरच्या दिवसांत तर मी ते चोळून ओल्या मऊ फडक्याने नुसतं टिपून घेतो, चालतं. मर्यादा स्पष्ट आहे: पॅनकेक याने निघत नाही. त्यासाठी आधी लिक्विड पॅराफिन कापसावर घेऊन रंग विरघळवतो, मग हे क्लीन्झर. लिक्विड पॅराफिन केमिस्टकडे बाटलीत मिळतं, स्वस्त असतं, वास नसतो. काका पूर्वी खोबरेल तेल वापरायचे, तेही स्पिरिटपेक्षा कितीतरी बरं, फक्त सुगंधी नको.

क्रीममध्ये मी सेराव्हीच्या मोठ्या डबीवर स्थिरावलो. तीन प्रकारची सेरामाइड, कोलेस्टेरॉल, ग्लिसरीन, हायल्युरॉनिक ॲसिड आणि सुगंध अजिबात नाही. माझ्यासाठी हा शेवटचा मुद्दा पहिला आहे, कारण सुगंधांच्या मिश्रणावरही पाठ उठली होती. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या: डबीवर 'अनसेंटेड' लिहिलं असेल तर वास दाबण्यासाठी आत सुगंधी द्रव्य असू शकतं. 'फ्रेग्रन्स फ्री' शोधा, आणि तरीही मागच्या बारीक अक्षरांत 'परफ्यूम' किंवा 'पार्फम' आहे का ते वाचा. 'नैसर्गिक', 'हर्बल' याचा अर्थ सुरक्षित असा होत नाही. राळसुद्धा झाडाचीच आहे.

क्रीम लावायची वेळ महत्त्वाची. चेहरा टिपून घेतल्यावर थोडा ओला असतानाच, कारण क्रीम पाणी आणत नाही, असलेलं अडवते. बँकेत एसीत बसल्यावर दुपारी एकदा पुन्हा. दोन आठवड्यांत चुरचुर गेली, पण पोत सुधारायला महिन्याहून जास्त लागला आणि ते साहजिक आहे. वरचा थर नव्याने तयार व्हायलाच साधारण चार आठवडे लागतात. तक्रार किमतीची. भारतीय कंपन्यांच्या, डॉक्टर लिहून देतात त्या सेरामाइड क्रीम याहून स्वस्त मिळतात. यादी जुळत असेल आणि सुगंध नसेल तर त्या घ्यायला काही हरकत नाही. दुसरी तक्रार मुंबईच्या मे महिन्याची: तेव्हा डबीतली क्रीम जड वाटते आणि कपाळावर घामोळं येतं. त्या दिवसांत मी त्याच कंपनीचं पातळ लोशन लावतो.

आणि पेट्रोलियम जेली. हिच्याबद्दल मला मनापासून लिहायचंय, कारण हिची किंमत कुणी करत नाही. 1859 मध्ये रॉबर्ट चेसब्रो हा तरुण रसायनतज्ज्ञ पेनसिल्व्हेनियातल्या तेलविहिरींवर गेला. तिथले कामगार ड्रिलच्या दांड्यावर साचणारं मेणचट द्रव्य भाजल्या-कापल्यावर लावत होते. ते शुद्ध करून त्याने व्हॅसलीन बनवलं आणि 1872 मध्ये पेटंट घेतलं. आजही पाणी अडवण्याच्या कामात याच्या तोडीचं फार थोडं आहे. माझा विश्वास मात्र वेगळ्या कारणाने बसला. पॅच टेस्टमधल्या बहुतेक वस्तू पांढऱ्या पेट्रोलॅटममध्येच, म्हणजे याच जेलीत, कालवलेल्या असतात. माझी कोलोफनी वीस टक्के होती, उरलेलं सगळं हेच. आणि शेजारी एका वाटीत नुसतं पेट्रोलॅटम लावतात, तुलनेसाठी. त्या जागी माझी पाठ कोरी होती. जी वस्तू डॉक्टर लोक निरुपद्रवी म्हणून गृहीत धरतात, ती फाटलेल्या ओठावर लावायला मला भीती कसली वाटणार?

रात्री क्रीम मुरली की चिरा पडतात त्या जागी, नाकाच्या कडेला आणि ओठाच्या वर, अगदी पातळ थर. सगळ्या चेहऱ्यावर नको, मुंबईच्या उकाड्यात तर नकोच. उशीचा अभ्रा तेलकट होतो. प्रयोगाच्या दिवशी सकाळपासून लावायची नाही, नाहीतर दाढीही चिकटत नाही आणि बेसही सरकतो. घेताना सुगंधी, रंगीत, कोको घातलेले प्रकार सोडा. पांढरी, साधी, 'आयपी' (इंडियन फार्माकोपिया) लिहिलेली. शंभर रुपयांच्या आत छोटी डबी येते आणि महिनोन्महिने पुरते.

दाढी करण्याबद्दल थोडक्यात: सुगंधी फोम, आफ्टरशेव्ह आणि तुरटी बंद. रात्री अंघोळीनंतर, केस मऊ असताना, क्लीन्झरचाच थर लावून एकाच दिशेने वस्तरा. गुळगुळीतपणात किंचित कमी पडतं, पण पहिल्या अंकातल्या मास्तरला तेवढं पुरतं.

राहिला डिंकाचा प्रश्न. स्पिरिट गम सोडून दुसरं काय? पर्याय आहेत: पाण्यात बनवलेला ॲक्रिलिक चिकटद्रव आणि वैद्यकीय सिलिकॉनचा चिकटद्रव. दोन्हींत राळ नाही. आधी कोपराच्या आतल्या बाजूला सलग काही दिवस लावून बघितलं, मग चेहऱ्यावर. सिलिकॉनचा मला चांगला लागू पडला, घामातही सुटत नाही, पण त्याचा वेगळा रिमूव्हर लागतो आणि दोन्ही महाग आहेत. काका आधी साशंक होते. ''अरे, चाळीस वर्षं सगळ्यांना हेच लावतोय,'' म्हणाले. मी त्यांना पाठीचा फोटो दाखवला. त्यानंतर त्यांनीच सुटे केस चिकटवण्याऐवजी जाळीवर विणलेली दाढी करून आणली, म्हणजे डिंक फक्त कडेला लागतो. ज्यांना राळ चालते त्यांच्यासाठीही त्यांनी आता सर्जिकल स्पिरिट बंद करून आयसोप्रोपिल मायरिस्टेट ठेवलंय. ते डिंक हळूहळू सैल करतं, घासावं लागत नाही. वेळ जास्त लागतो, आणि रात्रीच्या प्रयोगानंतर शेवटची लोकल गाठायची असली की तो जड जातो. तरी काका कुणाला घाई करू देत नाहीत. एवढ्या वर्षांची सवय एका माणसासाठी बदलणाऱ्या या कलावंताचे उपकार मी विसरणार नाही.

निर्मात्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की हा खर्च मेकअपच्या पेटीतच धरा, नटाच्या खिशातून नको. लाइट, नेपथ्य, बस यांच्यापुढे ही रक्कम फार लहान आहे. आणि नवीन मुलांना, विशेषतः एकांकिका स्पर्धांत मिळेल तो डिंक फासून उभ्या राहणाऱ्यांना, कुणीतरी हे सांगायला हवं. एकदा ॲलर्जी जडली की ती बहुधा आयुष्यभर राहते. माझीही जाणार नाही. वस्तू टाळली तर चेहरा शांत राहतो, इतकंच.

पॅच टेस्टला जाणाऱ्यांसाठी: चेहऱ्याला लागणारी प्रत्येक वस्तू सोबत न्या. साबण, शेव्हिंग क्रीम, मेकअप, टिकलीचं पाकीट, केसांचा रंग, घरचं उटणंसुद्धा, आणि शक्यतो मूळ खोक्यासकट, कारण घटकांची यादी बऱ्याचदा खोक्यावरच असते. डिंक, स्पिरिट असलं काही स्वतःहून पट्टीखाली झाकून लावून बघू नका, ते किती पातळ करायचं हे डॉक्टर ठरवतील. कोणत्या वारी पट्ट्या लावतात ते ओपीडीत आधी विचारा आणि तो आठवडा प्रयोगांपासून मोकळा ठेवा. निकालाचा कागद मिळाला की त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. केमिस्टकडे, सलूनमध्ये आणि मेकअप रूममध्ये तो दाखवावा लागतो.